दत्तूला मान द्यावा की नाही

कराडच्या स्टँडवर मुंबईची गाडी लागली होती, माझ्या दोन्ही बॅगा डिकीत गेल्या होत्या आणि मी व आप्पा दत्तूवरून भांडत होतो. या गोष्टीला आता सोळा वर्षं झाली. लोक निरोप घेताना गळ्यात पडतात, रडतात. आमच्याकडे तशी पद्धत नाही. आई डोळे पुसत म्हणत होती, "अगं, आज तरी गप्प बसा दोघं." आणि आप्पा माझ्या खिडकीखाली उभे राहून शेवटचा मुद्दा मांडत होते, "मैदान सोडून गेलेल्याला मान नसतो. विषय संपला." गाडी सुटली. हा टोला दत्तूला होता की न्यूझीलंडला निघालेल्या मला, याचा विचार मी साताऱ्यापर्यंत करत होते. मग झोप लागली.

तुम्ही जे मागे राहिलात आणि जे माझ्यासारखे उठून इकडे आलात, त्या सगळ्यांना आधी आमच्या वहीबद्दल सांगायला हवं. आप्पा हायस्कुलात पीटीचे मास्तर आणि तालुक्याच्या कबड्डी संघाचे प्रशिक्षक. मी दहा वर्षांची असताना त्यांनी कुठल्याशा रविवारच्या पुरवणीत वाचलं, की अमेरिकेत बेसबॉलच्या थोर खेळाडूंसाठी एक दालन आहे. तिथे नाव लागायचं तर खेळ सोडून पाच वर्षं व्हावी लागतात, मग मतदान होतं. बेसबॉल कशाशी खातात हे आम्हाला दोघांनाही ठाऊक नव्हतं, पण त्या पाच वर्षांच्या नियमावर आप्पा खूश झाले. "टाळ्यांचा आवाज कानातून उतरायला तेवढा वेळ लागतोच," म्हणाले. लगेच एक दोनशे पानी वही आली आणि तिच्यावर आप्पांनी त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'मानकरी, कबड्डी'.

मतदार दोन, आप्पा आणि मी. खेळाडू दोघांनीही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला हवा. खेळ सोडून पाच वर्षं झालेली हवीत. आणि एकमत हवं, नाहीतर नाव चढणार नाही. थोरल्या भावाने मत मागितलं होतं, पण तो सामना बघताना भेळ खातो, म्हणून आप्पांनी ते नाकारलं.

अठ्ठावीस वर्षांत आमच्या वहीत जेमतेम एकोणीस नावं आली. त्यातला पहिला नामदेव, बचावात डावा कोपरा सांभाळणारा. घोट्याची अशी पकड मी पुन्हा बघितली नाही. पकड झाल्यावर तो शांतपणे उठून हातापायाची माती झटकायचा, समोरच्याकडे बघायचासुद्धा नाही. त्याच्यावर वादच नव्हता. कमलसाठी मात्र मी तीन वर्षं भांडले. दोन लेकरं झाल्यावर पुन्हा मैदानात उतरलेली बाई जर मानकरी नसेल, तर ही वही चुलीत घाला, असं मी चौदाव्या वर्षी आप्पांना सुनावलं होतं. बाजीला दोघांनीही कायमचा बाद केला. नुसते बोनस गुण वेचायचे आणि अंगाला माती लागू द्यायची नाही, हा काय खेळ झाला? हल्ली टीव्हीवरच्या लीगमध्ये एका गुणासाठी दहा वेळा मांडी थोपटणारे येतात. त्यांच्याबद्दल आमचं मत छापण्यासारखं नाही.

आणि दत्तू. आप्पांच्या हाताखाली तयार झालेला, मी पाहिलेला सगळ्यात मोठा चढाईपटू. तो मध्यरेषा ओलांडून आत आला की समोरचे सातही जण नकळत मागे सरकायचे. जिल्ह्याच्या अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी तो मस्कतला निघून गेला. व्हिसा आला होता, विमान दुसऱ्या दिवशी होतं. आपला संघ हरला आणि दत्तू पुन्हा कधी खेळला नाही. माझं म्हणणं, माणूस जितका खेळला तितकं बघा. आप्पांचं म्हणणं तुम्ही वर ऐकलंच आहे.

इथे आल्यावर पहिली काही वर्षं मी कबड्डीचा विषयच काढला नाही. फार्मसीची परीक्षा, मग वेलिंग्टनमध्ये पहिली नोकरी, मग लग्न, इरा, आणि हॅमिल्टनला रोटोटुनामध्ये घर. वेलिंग्टनच्या फार्मसीतल्या एका मुलीने एकदा विचारलं, "इज इट लाइक रग्बी?" मी म्हटलं, हो, पण बॉल नसतो आणि श्वास धरून खेळतात. ती म्हणाली, "स्वीट ॲज," म्हणजे इथल्या भाषेत 'मस्तच', आणि तो विषय तिथेच मिटला. आप्पांचा फोन मात्र दर रविवारी यायचा आणि त्यात तब्येतीची चौकशी कमी, दत्तूवरचा वाद जास्त. मला वाटायचं, माझं निघून जाणं त्यांना खुपतंय आणि ते दत्तूच्या नावाने बोलतायत. माझ्या जाण्याबद्दल ते थेट कधीच बोलले नाहीत. घरी ये, असंही कधी म्हणाले नाहीत. आई म्हणायची, "तुझी खोली झाडून ठेवलीय." आई गेल्यावर तेही कोणी म्हणेना.

यंदा मे महिन्यात आप्पा इथे आले, सहा महिने राहायच्या बोलीवर. येताना वही आणली. हॅमिल्टनचा हिवाळा म्हणजे सकाळी दहापर्यंत धुकं, समोरचं घरसुद्धा दिसत नाही. इरा शाळेत आणि मी कामावर गेले की आप्पा खोली गरम करणाऱ्या हीट पंपजवळ बसून टॅबवर जुने सामने बघायचे, मग मोज्यांवर जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, घालून कोपऱ्यावरच्या डेअरीतून, म्हणजे छोट्या किराणा दुकानातून, दूध आणायचे. डेअरीवाल्याला ते इथल्या माओरी पद्धतीने "कियोरा" म्हणायचे, तो त्यांना "केम छो" म्हणायचा. मला वाटलं, छान रुळले.

मग जूनमध्ये एका आठवड्यात वहीत तीन नावं चढली.

तुम्हाला यात काही विशेष वाटणार नाही. पण अठ्ठावीस वर्षांत एकोणीस नावं चढवणारा माणूस एका आठवड्यात तीन चढवतो, हे बरं लक्षण नव्हतं. वर्षानुवर्षं अडकलेली प्रकरणं ते संध्याकाळी माझ्यापुढे टाकायचे आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणायचे, "चल, तुझं खरं." चौथं नाव तर गेल्याच हंगामात खेळ सोडलेल्या पोराचं होतं.

"आप्पा, पाच वर्षं कुठे झालीत?"

"चांगला खेळला की. कशाला थांबायचं?"

इरा मराठी सगळं समजते, उत्तर इंग्रजीत देते. ती होमवर्कमधून मान वर करून म्हणाली, "आबा, दॅट्स चीटिंग." आप्पा हसले. मला हसू आलं नाही. ज्या माणसाने सख्ख्या पुतण्याला पाच मिनिटं उशीर झाला म्हणून संघातून काढलं होतं, तो स्वतःचा नियम मोडत होता. काहीतरी चुकतंय असं वाटत होतं आणि काय ते मला बघायचं नव्हतं.

त्याच आठवड्यात फार्मसीत एक म्हातारे गृहस्थ आले. पाठदुखीची गोळी हवी होती. मी दोन प्रश्न विचारले. जेवण कमी झालंय का? हो. वजन? बेल्टला नवीन भोक पाडावं लागलं, म्हणाले. मी गोळी दिली नाही. त्यांना समोर बसवून त्यांच्या जीपीची, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरची, दुसऱ्या दिवशीची वेळ फोन करून घेतली. सहकारी म्हणाली, छान पकडलंस. घरी आले तर आप्पा पाठीला उशी लावून बसले होते. विमानातल्या सीटने धरलीय, असं ते महिनाभर सांगत होते आणि मी महिनाभर ऐकत होते. अर्धा चहा कपात तसाच. पँट कमरेला चुण्या घालून आवळलेली. पंधरा वर्षं मी लोकांच्या घरातली दुखणी ओळखतेय आणि माझ्या घरातलं मला हीट पंपाशेजारी बसलेलं दिसलं नाही. याची लाज मला आजही वाटते.

मी बॅग खाली ठेवली. आप्पांनी वही पुढे केली.

"दत्तूचं नाव घालू या," ते म्हणाले. "तुझंच बरोबर होतं."

किती वर्षं मी या वाक्याची वाट बघितली होती. आता ते आलं आणि मी वही हातात घेतलीच नाही.

"आप्पा, काय झालंय तुम्हाला?"

त्यांनी वही मिटून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "आधी दत्तूचं ऐक. तो पळाला नव्हता. निघायच्या आदल्या संध्याकाळी पाया पडायला घरी आला होता. मी आत होतो. तुझ्या आईला म्हटलं, नाही म्हणून सांग. तासभर ओट्यावर बसला पोरगा. मग गेला." त्यांचा आवाज तसाच होता, शाळेत हजेरी घेतानाचा. "चूक त्याची नव्हती. चूक कबूल करायला मला इतका वेळ लागला."

"आणि तुम्हाला काय झालंय?"

"स्वादुपिंडाचा कॅन्सर," आप्पा म्हणाले. "मार्चमध्येच कळलं. सांगितलं असतं तर तू येऊ दिलं नसतंस."

पुढचं तुमच्यापैकी ज्यांच्या घरी हे झालंय त्यांना माहीत आहे. स्कॅन झाला. इथल्या डॉक्टरीणबाईंनी खुर्ची जवळ ओढली, तेव्हाच मला कळलं, कारण चांगली बातमी असली की त्या टेबलापलीकडून सांगतात. आप्पांनी एकच प्रश्न विचारला, प्रवास करता येईल का. ऑगस्टमध्ये भाऊ येऊन त्यांना घेऊन गेला. मी बरोबर गेले नाही. इराच्या परीक्षा, नवऱ्याची शिफ्ट, फार्मसीत बदली माणूस नाही, अशी कारणं मी स्वतःला एकेक करून सांगितली. ती सगळी खरी होती.

पण दत्तूच्या नावाला मी होकार दिला नाही. निघायच्या दिवशी आप्पांनी पेन उघडून विचारलं, "मग, लिहू?" मी म्हटलं, "माझं मत बदललंय. ज्याने संघाला सांगितलं नाही, त्याला मान नाही." त्यांनी माझ्याकडे रोखून बघितलं, पेनाला टोपण लावलं आणि वही बॅगेत टाकली. मी असं का केलं ते सांगते. मला वाटलं, एवढं एक काम शिल्लक राहिलं तर हा माणूस जाणार नाही. आयुष्यभर त्यांनी अर्धवट काम टाकून मैदान सोडलेलं नाही. शिकलीसवरलेली, औषधांवर पोट भरणारी मी, पण माझा तेव्हा दुसऱ्या कशावर विश्वास उरला नव्हता.

दोन महिने रोज आमच्या संध्याकाळी, त्यांच्या दुपारी, फोन. भाऊ फोन कानाशी धरतो. "मत दे," आप्पा म्हणतात. "नाही," मी म्हणते. मग ते चिडतात, दत्तूच्या चढाया मोजून दाखवतात, आणि चिडले की आवाजात जोर येतो. मी कधीकाळी दत्तूच्या बाजूने मांडलेले मुद्दे ते माझ्यावरच टाकतात. गेल्या आठवड्यापासून मात्र वाक्यं आखूड व्हायला लागली. मध्ये श्वास ऐकू येतो. परवा वहिनीने फोन बाजूला नेला आणि म्हणाली, "ताई, द्या की मत. तेवढ्यासाठी जीव अडकलाय त्यांचा." मला ठाऊक आहे, म्हटलं मी. म्हणूनच देत नाही, हे तिला म्हणता आलं नाही.

काल आप्पा भांडले नाहीत. नुसतं विचारलं, "देतेस?"

मी म्हटलं, "देते. पण फोनवर नाही. समोर बसून."

"असा नियम नाही."

"मी आत्ता केला."

त्यांनी भावाला फोन नीट कानाशी धरायला सांगितलं. मग आप्पा म्हणाले, "मग लवकर ये." सोळा वर्षांत पहिल्यांदा.

ऑकलंडच्या विमानतळावर बसून हे लिहितेय. फ्लाइटला दोन तास आहेत, बाहेर धावपट्टीवर धुकं आहे आणि बोर्डावर आमच्या विमानापुढे अजून काही लिहिलेलं नाही. इकडे आलेले आपण सगळे, घर म्हणजे नक्की काय, याच्यावर जमलो की फार बोलतो. मला आज एवढंच कळलंय की माझ्या एका मतावाचून जिथे काम अडलंय ते माझं घर. ते मत मी घेऊन निघालेय, आणि पोचल्यावर ते द्यावं लागेल.