उदासीन मामाजी

जगाशी आपलं काही देणंघेणं नाही, हे माझ्या मामेसासऱ्यांइतकं पोटतिडकीनं सांगणारा माणूस अख्ख्या वर्धा जिल्ह्यात सापडायचा नाही. सेलूला जन्मभर मराठी शिकवून ते सिंदी मेघेत स्थायिक झाले. एकदा मी सहज म्हणालो, "मामाजी, आज उदास दिसता." झालं! "जावईबापू, उदास वेगळं अन् उदासीन वेगळं. उद् म्हनजे वर, आसीन म्हनजे बसलेला. वर बसाचं, खालचं पाहाचं, पन त्यात पडाचं नाई." या व्युत्पत्तीला जागून ते सकाळपासून वरच्या गॅलरीत बसत आणि तिथून अख्ख्या गल्लीबद्दल उदासीन राहत. "वहिनी, चौथी शिट्टी झाली, वरन लागन!" असा एखादा इशारा तेवढा खाली जाई. कुणाच्या मुलीला पाहायला आलेले पाहुणे घर विचारू लागले, तर आधी मुलाचं शिक्षण, नोकरी आणि सुपारीचं व्यसन यांची चौकशी होई, मगच दार दाखवलं जाई. वर "मले काय करा लागते!" हे होतंच.

समोरच्या एकट्या राहणाऱ्या निवृत्त पोस्टमास्तरांशी मात्र ते नऊ वर्षं बोलत नव्हते. "गुरुजी, तुमची उदासीनता जरा कमी करा, आमाले खिडक्याइले पडदे लावा लागले," असं पोस्टमास्तर चारचौघांत म्हणाले होते.

एके दिवशी आठ वाजले तरी पोस्टमास्तरांचं दार उघडलं नाही. "आपल्याले काय," मामाजी मामींना तीनदा म्हणाले आणि चौथ्यांदा म्हणायच्या आतच बनियनवर, अनवाणी खाली धावले. मागचं दार खांद्यानं ढकलून आत शिरले, तर पोस्टमास्तर न्हाणीत पाय मोडून पडलेले. ऑटोत घालून त्यांना दवाखान्यात नेलं. तिथे नर्सनं कागद पुढे ओढला. "पेशंटचे तुमी कोन?" प्रत्येक शब्दाचं मूळ सांगणारे मामाजी अडले. शेवटी म्हणाले, "लिवा... समोरचा."

पोस्टमास्तर बरे झाले आणि मुलगा त्यांना हैदराबादला घेऊन गेला. परवा मी मामाजींकडे गेलो असताना पोस्टमास्तरांचा फोन आला. मामाजींनी हळूच विचारलं, "जेवले का?" पलीकडून काय उत्तर आलं, मला ऐकू आलं नाही. मामाजींनी फोन दुसऱ्या कानाला लावला, आणि मी पाणी प्यायच्या निमित्तानं आत गेलो.