देवराईच्या वाटेवरचा म्हातारा

किन्हवलीजवळच्या आमच्या देवराईतलं वाळकं पानही कुणी घरी नेत नसे. बाहेर पडायच्या वाटेवर एक म्हातारा उभा असायचा. येणाऱ्याजाणाऱ्याचे खांदे तो हलक्या हाताने झटकायचा, चपला आपटायला लावायचा. पुढे देवराई तोडून तिथे प्लॉट पाडले, तरी तो जागचा हलला नाही.

एका दुपारी मी वैतागून त्याचा हात बाजूला केला. “बाबा, झाडं आहेत कुठे आता?”

“म्हणून तर जपायचं रे,” तो म्हणाला. “आता ती कोनाच्या बी मागं येतात.”

घरी येऊन शर्ट काढला, तर पाठीला उंबराचं हिरवंगार पान चिकटलेलं. देठातून अजून चीक गळत होता.

मी तसाच माघारी गेलो. म्हातारा ओंजळ पुढे करून उभा होता.