मास्टरजींची कात्री

लग्न होऊन मी खैरलांजीकडच्या गावातून मध्य प्रदेशातल्या बालाघाटला आले, तेव्हा मला सुईत दोरा ओवण्यापलीकडे काही येत नव्हतं. नवऱ्याचं शिलाईचं दुकान होतं. सासरे सरकारी नोकरीतून रिटायर झालेले. मुलानं लोकांची मापं घेत बसावं, हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. पण ह्यांच्या हाताला नाव होतं. सगळं गाव ह्यांना मास्टरजी म्हणायचं. लालबर्रा, बिरसाकडून लोक कोट शिवायला यायचे.

पहिल्या वर्षी ह्यांनी मला काज करायला शिकवलं, मग तुरपाई, मग मशीन. मुलगी झाली तेव्हा कटिंगच्या टेबलाखालीच झोळी बांधली होती. कापायचं काम मात्र ते कुणालाच देत नसत. खडूची रेघ आखली की कात्री एकदाच चालवायची, मध्ये थांबायचं नाही. मी बाजूला बसून बघायची. बघता बघताच कापायला शिकले. त्यांना ते माहीत नव्हतं.

चार वर्षांपूर्वी त्यांचा उजवा अंगठा थरथरायला लागला, मग सगळा हात. नागपूरच्या डॉक्टरनं पार्किन्सन सांगितला. गोळ्यांनी थोडा आराम पडेल, पण दुखणं वाढतच जाईल, म्हणाला. परतीच्या बसमध्ये ते बाहेर बघत राहिले. उतरताना एवढंच बोलले, "दुकानात कोनाले सांगू नको."

मी सांगितलं नाही. पण एका शर्टाची कॉलर वाकडी आली, मग एका पँटीचा पाय तोकडा झाला. दुपारी ते जेवून घरी पडायचे. तेवढ्या वेळात त्यांनी कापलेलं मी पुन्हा नीट करून घ्यायची. कापड पुरलं नाही तर बाजारात जाऊन तसंच शोधून आणायची. संध्याकाळी ते तयार शर्ट हातात घेऊन म्हणायचे, "बघ, जमते अजून." मी "हौ" म्हणायची. असे आठ महिने गेले.

एका दुपारी ते लवकर परत आले. मी टेबलाशी उभी, हातात त्यांची कात्री.

"किती दिवस झाले?"

मी सांगितलं.

"काहून?"

"गिऱ्हाईक तुटू नये म्हनून."

"अन् मी? मी का लहान लेकरू आहो, मले खेळनं देऊन बसवलं?"

मी कात्री टेबलावर ठेवली.

पुढच्याच आठवड्यात लालबर्र्याचे एक गृहस्थ आले. त्यांच्या लग्नाचा कोट ह्यांनीच शिवला होता. आता मुलाचं लग्न होतं, कापड कुठून तरी दुरून आणलेलं. ते गेल्यावर मी म्हटलं, "तुमी रेघा आखा, मी कापते."

"हात नको लावू."

सकाळी गोळी घेतली की तासाभरानं त्यांचा हात थोडा वेळ स्थिर व्हायचा. कोट कापायच्या दिवशी त्यांनी गोळी घेतली आणि स्टुलावर बसून वाट पाहिली. मग उठले. अर्ध्यापर्यंत कात्री पूर्वीसारखी गेली, अगदी सरळ. मी मशीन थांबवून बघत होते. खांद्याच्या वळणावर हाताला झटका बसला आणि कात्री कोटाच्या छातीच्या कापडात शिरली. ते सुधारायला गेले, तर ती आणखी आत गेली. मग दोन्ही हातांनी कात्री धरून ते नुसते उभे राहिले. मी त्यांच्या हातातून ती काढून घेतली. त्यांनी काढू दिली.

मी सगळीकडे फिरले, पण तसं कापड मिळालं नाही. ते गृहस्थ आले तेव्हा खरं ते सांगितलं. त्यांनी कापलेले तुकडे उलटून पाहिले. मग म्हणाले, "मास्टरजी, बीमार थे तो बोल देते. मैं कहीं और दे देता." त्यांनी तुकडे गुंडाळून घेतले, ह्यांना नमस्कार केला आणि निघून गेले. ते शिव्या देऊन गेले असते तर मला बरं वाटलं असतं.

त्यानंतर हे दुकानात आले नाहीत. दीड वर्ष मी एकटीनं चालवलं. पण पुरुष बाईकडे पँटीचं माप द्यायला येत नाहीत. शाळेचे ड्रेस रेडिमेड मिळायला लागले होतेच. साडीला फॉल, ब्लाउज, एवढंच उरलं. मुलगी लग्न होऊन रायपूरला असते. मी मराठीत बोलते, ती हिंदीत उत्तर देते. "मम्मी, दुकान बंद कर दो ना. पापा को देखो." मागच्या दिवाळीआधी बंद केलं. आता तिथं मोबाईलचं दुकान आहे.

ह्यांना अंघोळ मी घालते. मागच्या महिन्यात अंग पुसताना त्यांनी माझा हात धरला.

"तू लपून कापत होती ना, तवा मले माहं माहं कापू द्यायला पायजे होतं."

"तवाच दुकान बसलं असतं."

"बसलं असतं. पन मले समजलं तं असतं, का आता थांबायचं. मी स्वतःच थांबलो असतो."

मी टॉवेल पिळत राहिले. त्यांना वाचवते आहे असं मला वाटत होतं. की दुकान वाचवत होते? आता मलाही सांगता येत नाही.

त्यांचा आवाज फार बारीक झाला आहे. अर्धं ऐकूच येत नाही. पुन्हा विचारलं तर ते तोंड फिरवतात. मी आता विचारत नाही.