मौसाजींची दोन अक्षरं

घरोघरी कॉम्प्युटर यायला लागले त्या दिवसांत अख्ख्या उज्जैनमध्ये चोरीची सिस्टीम न वापरणारा एकच माणूस होता, आणि तो माझ्या मावशीचा नवरा होता. खरं तर काका म्हणायला हवं. पण आम्ही इथले, म्हणून मौसाजी. रेल्वेच्या सिग्नल खात्यातून ते निवृत्त झाले होते, आणि सिग्नल नसताना गाडी काढणाऱ्याकडे बघावं तसं बाकी शहराकडे बघत. फ्रीगंजमधले दुकानदार एका कोऱ्या सीडीवर साऱ्या जगाची सॉफ्टवेअरं भरून देत होते. मौसाजींनी मात्र एका मासिकाबरोबर आलेली लिनक्स टाकली: फुकट, कुणाच्या मालकीची नसलेली, हवं त्यानं आत डोकावून दुरुस्त करावी अशी. मी तेव्हा परदेशी कंपन्यांविरुद्ध पत्रकं काढत असे. त्यातलं एक मोठ्या अभिमानानं त्यांना दाखवलं. त्यांनी ते शेवटपर्यंत वाचलं, चष्मा काढला आणि कशावर टाइप केलं ते विचारलं. मी सांगितलं. "म्हणजे कंपनीच्या गुलामीविरुद्ध, कंपनीच्याच चोरलेल्या मालावर," ते म्हणाले. "विकत घेऊन गुलामी करणारे तरी बरे ग." मला राग आला. अजूनही येतो, कारण ते खरं होतं.

या स्वातंत्र्यापायी घरात बऱ्याच गोष्टी बंद पडल्या होत्या. कॉम्प्युटरच्या डब्यातला मोडेम लिनक्सला ओळखच देईना, म्हणून घरी इंटरनेट नाही. प्रिंटर मराठीच्या जागी चौकोन छापे. मावशीला पत्त्यांचा खेळ मिळाला, पण तो उघडायला तीन ओळींची आज्ञा द्यावी लागे. ती तिनं हळदीकुंकवाच्या यादीमागे उतरवून घेतली होती. नेटसाठी मौसाजी टावर चौकातल्या सायबर कॅफेत जात. मशीन कंपनीच्या सिस्टीमचं, एवढी तडजोड त्यांनी मान्य केली होती. पण शोधायचं ते जगानं टाकून दिलेल्या कुठल्याशा सर्च इंजिनवर. सगळे ज्याला विचारतात त्याला मी का विचारू, असं त्यांचं म्हणणं. मोडेमचा इलाज शोधताना त्यांना एकदा विहिरीच्या पंपांची माहिती मिळाली. ती त्यांनी तासभर वाचली. कॅफेवाल्या भैयाला राहवेना. "अंकलजी, दूसरे वाले में डाल दो ना, दो सेकंड में आ जाएगा."

"दो सेकंड बचाकर क्या करूँगा, भैया? रिटायर आदमी हूँ."

घरी लिहायचं, फ्लॉपीवर घ्यायचं आणि कॅफेतून पाठवायचं, अशी त्यांची डाक चाले. लिनक्समध्ये फ्लॉपी आधी जोडावी लागते आणि काढण्यापूर्वी तसं सांगावं लागतं. नाही सांगितलं तर लिहिलेलं मशीनमध्येच अडकून राहतं आणि फ्लॉपी कोरी निघते. मौसाजी याला चढवणं आणि उतरवणं म्हणत. आमच्या गावात चढवायचे ते हारफुलं नि नारळ. त्यामुळे "ते फ्लॉपी चढवतायत, येतीलच," असं मावशीनं सांगितलं की आलेले पाहुणे आवाज खाली करून बसत.

त्यांची मुलगी, म्हणजे माझी ताई, दोन वर्षं जर्मनीत नोकरीला होती. कंपनीनं तिच्यापुढे आणखी तीन वर्षांचा करार ठेवला. तिनं इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत विचारलं: बाबा, सही करू का? शुक्रवारी दुपारपर्यंत कळवा. मौसाजी चार दिवस उत्तर लिहीत होते. फोन करा म्हटलं, तर म्हणाले, "फोनवर मला जेवलीस का, एवढंच विचारता येतं."

शुक्रवारी मी त्यांना माझ्या लूनावर कॅफेत नेलं. अकराला लाइट जाणार होती ती थेट संध्याकाळपर्यंत, म्हणून आम्ही घाईत निघालो होतो. फ्लॉपी उघडली तर आत काहीच नाही. "उतरवायची राहिली," ते हळूच म्हणाले. दहा मिनिटं उरली होती. तुम्ही सांगा, मी टाइप करते, म्हटलं. चार पानी मन भाचीसमोर सांगायची त्यांची तयारी नसावी. त्यांनी मला बाजूला केलं, एका बोटानं वाय दाबला, मग ई. ये. एवढंच पाठवलं. पाठोपाठ लाइट गेली. परतताना त्यांनी न विचारता कचोऱ्या घेतल्या, आणि ताईची खोली पांढरी रंगवावी की पिवळी, हे मला विचारलं.

दुसऱ्या दिवशी कॅफेत ताईचं उत्तर आलेलं दिसलं. "थँक्यू बाबा! घाईत येसमधला एस राहिला तरी कळलं. सही केली."

मी चिडले. देवास गेटला परदेशी फोन लावायचा आयएसडीचा बूथ आहे, आत्ता चला, सांगा तिला, करार मोडता येतो, असं बरंच काही बोलले. तुम्हाला जमत नसेल तर मी लिहिते, असंही म्हणाले. मौसाजींनी पडद्यावरचं ते पत्र पुन्हा वाचलं.

"ती अडखळली नाही ग," ते म्हणाले. "मनात यायचं असतं तर मराठीत वाचलं असतं तिनं."

त्या महिन्यात त्यांनी घरच्या कॉम्प्युटरवर कंपनीची सिस्टीमही टाकून घेतली, रीतसर विकत आणून. तिच्यावर मोडेम चालू लागला आणि रविवारी सकाळी ताईचा आवाज तुटत तुटत घरात येऊ लागला. मौसाजी स्पीकरकडे कान करून ऐकत, स्वतः फार बोलत नसत. बोलणं संपून ती तिकडे आपल्या कामाला लागलेली असायची, तरी ते मशीन लगेच बंद करत नसत.