धूळ अडवणारं कापड

१९७४ साल. मी तेव्हा एकेचाळीस वर्षांचा होतो. माझ्या साडूइतका कापडाच्या मागे लागलेला आणि स्वतः फाटक्या बनियनवर फिरणारा माणूस अख्ख्या तालुक्यात दुसरा नव्हता, हे मी कोणासमोरही छाती ठोकून सांगीन. शाळा मी तिसरीत सोडली, पण माणूस ओळखता येतो मला.

तो कापसाच्या कारखान्यात, म्हणजे जिनात, फिटर होता. कापसातून सरकी काढायच्या खोलीतली धूळ मोठा पंखा मागच्या छपरीत फेके, आणि त्याच छपरीत पांढऱ्यातून पिवळा कापूस निवडत त्याची बायको, म्हणजे माझी साळी, माझ्या बायकोची बहीण, बसे. दोन हंगामांत तिचा खोकला असा वाढला की बोलता बोलता तिचं बोलणं अर्ध्यावर राही. शेठ म्हणे, बायांना बसवायला दुसरी जागा नाही. मग साडूनं ठरवलं, पंख्याच्या तोंडावर असं कापड लावायचं की धूळ अडली पाहिजे आणि वारा अडला नाही पाहिजे. झालं! त्या दिवसापासून आमची कापडं आमची राहिली नाहीत. मांजरपाट, तागाचं पोतं, घोंगडी, मच्छरदाणी, सगळं त्यानं तोंडाला लावून फुंकून पाहिलं. एका लग्नात मला आहेराचं धोतर मिळालं, ते त्यानं मांडवातच हिसकलं आणि नवरदेवाच्या काकापुढे धरलं. "फुका बरं काकाजी, जोरानं! वारा जाते का?" काकांनी फुंकलं. मी आठ दिवस साडूशी बोललो नाही.

परीक्षा घ्यायची रीत तर त्याहून भलती. पंख्यावर कापड बांधायचं, त्याच्यामागं धूळ चिकटायला ओला पापड टांगायचा, तासाभरानं तो वाळवून, भाजून आल्यागेल्याला चावायला द्यायचा. "कचकचते का, भाऊ?" "कचकचते." "मंग मांजरपाट नापास!" पोत्यामागचा पापड म्हणजे मुरूमच. घोंगडीमागचा अगदी स्वच्छ, पण वाराच येईना, पंखा रेड्यासारखा घुरघुरे. माझी बायको त्याला म्हणे, "वर्साचे पापड संपवले तुमी, आता आमी काय घोंगडी भाजून खाव?"

शेवटी रस्ता साळीनंच काढला. धुऊन धुऊन मऊ झालेलं आपलं जुनं लुगडं तिनं घेतलं, बारीक निऱ्या घातल्या आणि चौकटीवर शिवलं. "सपाट कायले लावता? निऱ्या घाला, तेवढ्याच जागेत कापड जास्त मावते." त्यामागचा पापड मी चावला. कचकच नाही. वाराही मोकळा. साडूच्या डोळ्यांत पाणी आलं, पापड तोंडात तसाच.

हंगामाच्या पहिल्या दिवशी चौकट बसली. दर तासाला पंखा थांबवून कापड झटकायचं होतं. साडूला दुसऱ्या यंत्राच्या दुरुस्तीला लावलं होतं, म्हणून त्यानं मुकादमाला दहादा बजावलं. पण बाहेर कापसाच्या बैलबंड्यांची रांग. मुकादमानं पंखा थांबवलाच नाही. कापड गच्च भरलं, मोटर तापली, धूर निघाला. कापसाच्या जिनात धूर! शेठनं स्वतः चौकट उपटून अंगणात फेकली.

"आग लावतं का बे?"

"झटकाले सांगतलं होतं, शेठ."

"पुन्हा हे चिंधूक दिसलं तर तूही बाहेर."

संध्याकाळी मी त्याच्या घरी गेलो. तो ओट्यावर बसून एकेक निरी उसवत होता. शेवटची निरी उसवून म्हणाला, "याच्याहून चांगलं कापड मले तं नाही भेटलं, भाऊ. अन् हेही नाही पुरलं." मी म्हटलं, तिला घरी बसव. तो म्हणाला, एक दिवस नाही गेली तर जागा दुसरीला देतात. आतून साळी खोकत खोकत बोलली, "सकाळी लवकर उठवजा मले." मी आपल्या चार एकरांवर जगलेला माणूस, कोणाच्या हाताखाली कधी उभा राहिलो नव्हतो, आणि राहणारही नाही असं गावभर सांगत फिरलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्याआधी मी जिनात गेलो. मुकादमाला म्हटलं, "माही साळी बरी होयेपर्यंत तिच्या जागी मी." बाया पदर तोंडाला लावून हसल्या. मी पटका नाकावर ओढून बांधला, पंख्यासमोर बसलो आणि पिवळा कापूस निवडायला लागलो.