सुभेदार जखमी, ओव्हर

त्या वर्षी मी लान्स नाईक होतो, उत्तरेकडच्या एका चौकीवर रेडिओ ऑपरेटर. माझं गाव तुडील, तालुका महाड. आमच्या प्लाटूनमध्ये पोलादपूरकडच्या कापडे गावचा एक शिपाई आला. दिनकर सुभेदार. आमच्याकडे असली आडनावं पैशाला पासरी. देशमुख रिक्षा चालवतो, खोताकडे गुंठाभर जमीन नसते. पदं गेली, नावं मागे राहिली. पण फौजेत सुभेदार हा हुद्दा अजून जिवंत, आणि प्लाटूनचे खरे सुभेदार साहेब रोज समोर.

पहिल्याच आठवड्यात लंगरमधून, म्हणजे फौजी स्वयंपाकघरातून, 'सुभेदारांचा' म्हणून निघालेला साहेबांचा आल्याचा चहा दिनकरला गेला. त्या शहाण्याने तो पिऊनही टाकला! साहेबांनी हुकूम काढला, "आजपासून रेडिओवर हा 'कापडे'."

दिनकर मला म्हणायचा, "मी रिटायर होईन तो सुभेदार होऊनच. पाटीवर नाव दोनदा लिवायला लागंल."

त्या दिवशी गस्तीची तुकडी सकाळी नऊला निघाली. तिचे कमांडर सुभेदार साहेबच. दहा चाळीसला नाल्यात फायर आला. दिनकर माझ्या डावीकडे पडला. मी सेटवर ओरडलो, "सुभेदार जखमी. ओव्हर."

चौकीला वाटलं, कमांडरच जखमी. उत्तर आलं, "जागेवर थांबा. दुसरा कमांडर तयार होतोय, स्ट्रेचर त्याच्याबरोबरच निघेल. ओव्हर." मी चूक सुधारायला गेलो, तर सेट नुसता खरखरत राहिला. शेवटी साहेब सरपटत आले, सेट हिसकावला. "मी ठीक आहे. जखमी कापडे. स्ट्रेचर पाठवा."

अकरा मिनिटं गेली होती. दिनकर स्ट्रेचरवरच गेला. डॉक्टर म्हणाले, अकरा मिनिटांनी फरक पडला नसता. मला ते आजही पटत नाही.

हवालदार होऊन पेन्शनीत आलो. महाडहून कापड्याला निघायचो आणि पोलादपूरच्या स्टँडवरून परत फिरायचो. असं तीनदा केलं. घरातही एका जागी बसवत नसे. चौथ्यांदा मात्र गेलो. त्याची आई अंगणात वालाच्या शेंगा सोलत होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं.

तिचे हात थांबले. "रेडिओवर तू त्याला काय बोललास?"

"सुभेदार."

"मग चुकलास कुठं रे? त्याला तेच व्हायचं व्हतं."

ती चिडली असती तर मला सोपं गेलं असतं.

शाळेजवळ त्याच्या नावाचा फलक आहे. 'शिपाई' अक्षरं पावसाने पुसट झालीत, 'सुभेदार' ठळक आहे. फौजेत जवान सुभेदाराला सॅल्यूट करत नाही, सावधान होऊन राम राम करतो. मी टाचा जुळवल्या.

"राम राम, साहेब."