शेवटच्या पानावरचे गुण

पेपर तपासता तपासता मला एक वाईट खोड लागली. कादंबरी संपली की शेवटच्या कोऱ्या पानावर मी नायिकेला पेन्सिलीने दहापैकी गुण द्यायचे आणि खाली शेरा लिहायचे. पुस्तकं आमच्या मुदखेडच्या शाळेतल्या थोरल्या मॅडमची. त्या ख्रिस्ती, परदेशातली बहीण त्यांना दरवर्षी इंग्रजी कादंबऱ्यांचा गठ्ठा पाठवते. जुन्या काळच्या गोष्टी: घोडागाड्या, लाकडी चर्च आणि लांब झग्यातली एक भली मुलगी, जिचं काहीतरी गुपित असतं. संध्याकाळी नांदेडला परतताना रेल्वेत मी त्या वाचायचे. माझे शेरे वाचून मॅडमना हसू यायचं, म्हणून त्या कधी रागावल्या नाहीत.

गुपित लपवणाऱ्या मुलींवर माझा विशेष राग. होणारा नवरा समोर उभा, आणि ही बया तीन पानं प्रार्थना करते. एक वाक्य बोलेल तर शपथ! अशांना मी सरळ नापास करायचे.

तसं एक वाक्य माझंही होतं. मला लहानपणापासून फिट यायच्या. गेल्या सहा वर्षांत एकही आली नाही, पण रोज सकाळची गोळी आहेच. लातूरचं स्थळ आलं तेव्हा आईने बजावलं, "गोळीचं तोंडातून काढायचं न्हाई. सहा वर्षांत एकदा तरी आली का? मग कामून उकरून काढायलीस?" मी मान डोलावली. खरं सांगते, सुटल्यासारखं वाटलं.

पाहणं झालं. मी त्यांना पसंत पडले, मुलगा मला आवडला. लग्नाचा बस्ता बांधायला ती मंडळी नांदेडला आली तेव्हा त्याने विचारलं, "एवढं काय वाचता तुम्ही? मला पण द्या की एखादं." पर्समध्ये होतं ते पुस्तक मी आनंदाने काढून दिलं. ते गेल्यावर आई साड्यांच्या घड्या घालत होती, आणि मला शेवटचं पान आठवलं. त्यातली मुलगी आपल्या आईचं वेड लपवते. मी लिहिलं होतं: दहापैकी दोन. ज्याच्याशी लग्न करायचं त्यालाच अंधारात ठेवते. खोटारडी.

त्यानंतर संध्याकाळी त्याचा फोन आला की मी आधी विचारायचे, "कितव्या पानावर आलात?" त्याला वाटायचं, हिला वाचनाची केवढी हौस. साठ. एकशे दहा. दोनशे. रोज ठरवायचे, आज सांगायचंच. आणि जेवलात का, लातुरात ऊन किती, एवढ्यावरच फोन ठेवायचे. सकाळी गोळी गिळून देवघरापुढे हात जोडायचे: आता तूच काहीतरी कर. त्या मुलींच्या प्रार्थनांना मी किती नावं ठेवली होती!

नवव्या दिवशी मधल्या सुट्टीत फोटो आला. तेच पान, माझंच अक्षर. खाली त्याने लिहिलं होतं, "लई कडक आहात मॅडम तुम्ही. मी तर सहा दिले असते. भ्याली होती बिचारी."

भ्याली होती बिचारी. ते मी परत परत वाचलं. एवढं ज्याला कळतं त्याला सांगायला मी उगाच घाबरत होते! डबा तसाच ठेवून मैदानाच्या कडेला गेले, फोन लावला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं: फिट, सहा वर्षं, गोळी, डॉक्टर लग्नाला हरकत नाही म्हणतात. बोलता बोलता वाटलं, फिट आत्ता इथेच आली तर?

पलीकडे ऑटोचे हॉर्न वाजत राहिले.

"बरं झालं सांगितलं," तो म्हणाला. मग, "मी घरी विचारून सांगतो."

आज चौथा दिवस. आईला अजून काही बोलले नाही. फोन वाजला की तिच्याआधी मी धावते. मॅडमनी काल पुस्तकाची आठवण केली. दोन दिवसांत आणते म्हणाले. आणि डोक्यातून एकच गोष्ट जात नाही. त्या पुस्तकातल्या मुलीला सहा गुण देताना त्याने घरी कुणालाच विचारलं नव्हतं.